शेजारच्या सीटवरून चालवायची गाडी

सुरुवात वहिनींच्या कंबरेपासून झाली. गणपतीच्या जेवणाला आमच्याकडे आल्या तेव्हा पंगतीत बसेनात, ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "भावजी, आठवड्यातून दोन-तीन दिवस मी गाडीच्या मधोमध बसून चारशे पेट्या करते. तुम्ही एक दिवस बसून दाखवा, मग विचारा."

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्राची नोकरी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), पण तिथली घरं परवडेनात म्हणून राज्याची हद्द ओलांडून वेस्ट व्हर्जिनियाच्या जेफरसन काउंटीत घर घेतलं. ग्रीन कार्ड हातात आल्यावर वहिनींनी टपालखात्यात अर्ज केला आणि ग्रामीण टपालवाटपाच्या बदली कर्मचारी म्हणून लागल्या. कायम पत्रवाहकाची सुट्टी असेल त्या दिवशी त्याची फेरी यांनी करायची, आणि अडीअडचणीला दुसऱ्याचीही. त्यांची फेरी ३६ मैलांची, टपालपेट्या ४१२. मी यंत्रांच्या डिझाइनमध्ये काम करतो, त्यामुळे हे प्रकरण पुढे माझ्या गळ्यात पडलं. ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण आपल्यातल्या आणखी तिघा-चौघींनी हीच नोकरी धरलीय आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न गाडीचाच असतो.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे. खेड्यातल्या टपालपेट्या घरापाशी नसतात, रस्त्याच्या कडेला खांबावर असतात, आणि पत्रवाहक ज्या दिशेने येतो त्याच्या उजव्या हाताला. म्हणजे ड्रायव्हर डावीकडे, पेटी उजवीकडे आणि मध्ये अख्खी रिकामी सीट. पेटीची मापंही ठरलेली. रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच आणि दार रस्त्याच्या कडेपासून ६ ते ८ इंच आत. गाडीतून न उतरता हात पोचावा हाच त्या मापांचा हेतू. फक्त तो हात उजव्या खिडकीतून बाहेर आला पाहिजे.

मग खातं उजव्या स्टिअरिंगची गाडी का देत नाही? देतं, पण सगळ्यांना नाही. ॲल्युमिनियमच्या अंगाच्या त्या पांढऱ्या चौकोनी टपालगाड्या १९८७ ते १९९४ या काळात बनल्या, स्टिअरिंग उजवीकडे, एसीचा पत्ता नाही, आणि अजून रस्त्यावर आहेत. नव्या गाड्या आता कुठे यायला लागल्यात. खेड्यातल्या पुष्कळ फेऱ्यांवर पत्रवाहकाने स्वतःची गाडी आणायची आणि खात्याकडून गाडीभत्ता घ्यायचा, अशी रीत आहे. गंमत म्हणजे ही रीत वहिनींच्या काउंटीतच सुरू झाली. १ ऑक्टोबर १८९६ रोजी अमेरिकेतलं पहिलं ग्रामीण मोफत टपालवाटप चार्ल्स टाउन, हॉलटाउन आणि युव्हिला इथून निघालं, कारण टपालखात्याचे तेव्हाचे प्रमुख, पोस्टमास्टर जनरल विल्यम विल्सन चार्ल्स टाउनचेच. गाववाल्याला आधी, हे तिकडेही चालतं. त्या पहिल्या पत्रवाहकांनी घोडे आपापलेच आणले होते. घोड्याचा लगाम गाडीत कुठल्याही बाजूला बसून धरता येतो. अडचण मोटार आल्यावर झाली.

यावर जुना उपाय म्हणजे मधोमध बसणं. वहिनींकडे त्यासाठी एक जुनी ब्यूक होती, पुढे सलग बाकासारखी सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर. बसायचं उजवीकडे सरकून, डावा पाय मधल्या उंचवट्यावरून पलीकडे टाकून पेडलवर, डावा हात स्टिअरिंगवर, उजवा हात खिडकीबाहेर. पाय एकच, म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही डाव्या पायाने. सीटबेल्ट नियमाने लावायचाच, पण या बसण्यात तो धड कुठेच बसत नाही. त्यांच्या आग्रहाखातर मी एका रविवारी दहा पेट्यांपुरता प्रयोग केला. सातव्या पेटीला मांडीत गोळा आला. आणि अशा सीटच्या मोटारी आता नव्याने मिळत नाहीत. २०१३च्या सुमारास त्या बंदच झाल्या. ब्यूकचा गिअरबॉक्स घसरायला लागला होता, त्यामुळे निर्णय पुढे ढकलण्यासारखा नव्हता.

मित्राचं पहिलं वाक्य: "स्टिअरिंग सरळ उजवीकडे बसवून घेऊ की. आपल्याकडे गाड्या उजवीकडेच असतात." आपल्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात हेच येतं. पण स्टिअरिंगच्या चाकामागे काय काय जोडलेलं असतं ते एकदा बॉनेट उघडून बघावं. स्टिअरिंगचा रॅक उजव्या हाताचा लागतो. ब्रेकचा बूस्टर आणि मास्टर सिलेंडर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला न्यावे लागतात, आणि तिथे बहुधा बॅटरी नाहीतर एसीच्या नळ्या ठाण मांडून असतात. डॅशबोर्ड उलटा, हीटरची पेटी उलटी, वायपरची जोडणी उलटी, वायरिंग नव्याने. त्याच मॉडेलची जपान किंवा ऑस्ट्रेलियासाठी बनलेली गाडी भंगारात मिळाली आणि तिचे सगळे अवयव काढता आले तरच हे काम शहाणपणाचं. तोवर खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेलेला असतो. हा पर्याय मी पहिल्याच संध्याकाळी कापून टाकला.

दुसरा पर्याय कारखान्यातूनच उजवी आलेली गाडी. जीपने चेरोकी आणि रँग्लर अमेरिकेत उजव्या स्टिअरिंगच्या विकल्या, सुबारूने नव्वदच्या दशकात लेगसी वॅगन खास पत्रवाहकांसाठी आणली. या गाड्या विकायला निघतात तेव्हा त्यांनी लाखो पेट्या केलेल्या असतात आणि मालक तरीही सोन्याचा भाव सांगतो. नाहीतर जपानहून जुनी गाडी मागवायची. २५ वर्षांहून जुन्या गाडीला अमेरिकेचे सुरक्षेचे नियम आडवे येत नाहीत, त्यामुळे अनेक पत्रवाहक हाच मार्ग धरतात. हा पर्याय मला सगळ्यात पटला होता. पण वहिनी बदली कर्मचारी, हमीचा दिवस आठवड्यातून एकच. कायम जागा कधी मिळेल ते सेवाज्येष्ठतेवर. नोकरी टिकेल की नाही हेच माहीत नसताना एवढे पैसे घालायला मित्र तयार नव्हता, आणि त्याचं चुकत नव्हतं.

राहिला तिसरा पर्याय, जोड-नियंत्रणाचं किट. आपल्याकडे मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी जादा ब्रेक असतो, तो आठवा. त्याचाच हा थोरला भाऊ. डावीकडचं सगळं जागच्या जागी राहतं. उजवीकडे डॅशबोर्डवर एक दुसरं स्टिअरिंग बसवतात, त्याच्या मागची दातेरी पुली आणि डाव्या स्टिअरिंगच्या नळीवरची पुली एका पट्ट्याने जोडतात. कुठे पट्ट्याऐवजी चेन असते. पायाशी डॅशबोर्डखालून एक आडवा रॉड जातो. उजवीकडचं पेडल दाबलं की रॉड फिरतो आणि त्याच्या डाव्या टोकाची कांडी मूळ पेडल दाबते. ब्रेकला एक रॉड, ॲक्सिलरेटरला दुसरा. रविवारी मंदिरात जायचं असेल तर मित्र डावीकडे बसून नेहमीसारखी गाडी चालवू शकतो. किट, फुटकळ सामान आणि माझे फुकटचे दोन शनिवार धरून खर्च दीड हजार डॉलरच्या आत बसला.

गाडी निवडताना मात्र मी हट्ट धरला. ब्यूकमध्ये किट बसवायचं नाही, कारण तिचा पार्किंग ब्रेक डाव्या पायाशी. उजव्या सीटवरून मुख्य ब्रेक दगा देऊन गेला तर हाताशी काय उरतं? मित्राची २००४ची सुबारू आउटबॅक होती, तिला हँडब्रेक दोन सीटच्या मध्ये, गिअरही मध्येच, किल्ली स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला. वर चारही चाकांना ताकद, तिथल्या बर्फात उपयोगी. पेटीच्या मापालाही तिची खिडकी बरी, हात खांद्याच्या खालीच राहतो. बुटक्या मोटारीतून दर पेटीला हात वर न्यावा लागतो, आणि चारशे वेळा हात वर नेला की कंबरेचं दुखणं खांद्यात येतं, एवढाच फरक.

एअरबॅगचा प्रश्न सगळ्यात नावडता. उजवं स्टिअरिंग बसतं ते शेजारच्या सीटच्या एअरबॅगच्या बरोब्बर समोर. ती फुटली तर चाक थेट छातीवर. म्हणजे ती बंद करणं भाग. गॅरेजवाल्याने हात झटकले, आणि ते बरोबरच होतं. दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याने सुरक्षेचं साधन निकामी करायला तिथल्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे. ती मनाई मालकाला स्वतःच्या गाडीपुरती लागत नाही, म्हणून ते काम मित्राने मालक या नात्याने केलं. विमा कंपनीला सगळं लेखी कळवायला लावलं, फोटोंसकट. माझं मत विचाराल तर या किटची खरी किंमत दीड हजार डॉलर नाही, एक एअरबॅग आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जपानी गाडीसाठी पैसे साठवावेत.

बसवायला पहिला शनिवार गेला. संध्याकाळी वहिनी उजवीकडे बसल्या, डावा हात आपोआप गिअरवर गेला आणि हसायलाच लागल्या. त्या गाडी शिकल्या कऱ्हाडला, वडिलांच्या मारुती ८००वर. "अगदी माहेरी आल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. मित्र खूश. मी मात्र त्यांना रस्त्यावर जाऊ दिलं नाही. ब्रेकच्या त्या आडव्या रॉडने माझी झोप उडवली होती.

कारण साधं होतं. सवयीच्या थांबण्याला पायाचा जोर पाच-सात किलोचा असतो. समोर हरीण आलं, आणि तिथे हरणं आपल्याकडच्या म्हशींसारखी रस्त्यात येतात, तर माणूस घाबरून चाळीस-पन्नास किलोने ब्रेक दाबतो. पेडलची कांडी पाऊण फूट धरली तर रॉडला पिळणारा जोर शंभर न्यूटन-मीटरच्या घरात जातो, म्हणजे चाकाचा नट आवळायला लागतो जवळजवळ तेवढा. आणि किटमध्ये कांड्या रॉडवर धरून ठेवल्या होत्या त्या निव्वळ एका टोकदार स्क्रूच्या दाबाने. मी वहिनींच्या पर्समधलं लाल नेलपॉलिश मागितलं आणि कांडी व रॉड यांच्या सांध्यावर आडवी रेघ ओढली. वाळू दिली. मग घरातला वजनकाटा उजव्या पेडलवर आडवा धरून त्यावर पाय ठेवला आणि गाडी उभी असतानाच दाबत गेलो. वीस किलो, काही नाही. तीस, काही नाही. छत्तीसच्या आसपास कट्ट असा बारीक आवाज आला. खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर रेघेचे दोन तुकडे झालेले, मधे तीन मिलीमीटरचं अंतर. स्क्रूने रॉडवर चकचकीत ओरखडा काढला होता.

मित्राने रेघ पाहिली आणि गप्प झाला.

किटवाल्याला फोन केला तर "स्क्रू नीट आवळा" एवढंच. आवळून पुन्हा दाबलं, चाळीसला पुन्हा सरकलं. स्क्रूचं टोक घर्षणाने धरतं, आणि घर्षणावर ब्रेक सोपवायचा नसतो. दुसऱ्या शनिवारी कांडी आणि रॉड दोन्हींतून आरपार भोक पाडून आठ मिलीमीटरचे कडक बोल्ट घातले, मागे लॉकनट. रॉड मध्यात वाकत होता म्हणून मधोमध एक जादा बेअरिंगचा आधार दिला. ॲक्सिलरेटरच्या रॉडला परत ओढणारी दुसरी स्प्रिंग लावली. उजवीकडची पायपुसणी कायमची काढून टाकली, कारण ती सरकून पेडलखाली गेली तर पुढचं सांगायला नको. नेलपॉलिशची रेघ नव्याने ओढली. पासष्ट किलोपर्यंत दाबलं, हलली नाही. नियम ठरला: गाडी सुरू करण्याआधी रोज वाकून ती रेघ बघायची.

पट्ट्यालाही थोडा प्ले होता, उजवं चाक दोन बोटं फिरलं तरी गाडीची चाकं ढिम्म. टेन्शनर आवळून तो एका बोटावर आणला. तिथपर्यंतच येतो. म्हणून दुसरा नियम: उजवीकडून फक्त फेरी. पोस्टापासून पहिल्या पेटीपर्यंतचा आणि परतीचा हायवे डावीकडे बसून. दोनदा जागा बदलायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्यायची.

आता ज्या गोष्टीचा माझ्यासह कोणालाही अंदाज नव्हता ती. वहिनींची उजव्या सीटची सवय आम्ही जमेच्या बाजूला धरली होती. रिकाम्या शाळेच्या आवारात त्या झकास चालवत होत्या. पहिल्यांदा गावाबाहेरच्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर नेलं, मी डावीकडे बसलो, पाय मूळ ब्रेकवर, आणि मैलभरात माझ्या बाजूची चाकं मधल्या पिवळ्या जोडरेघेवर. सांगितलं की उजवीकडे घ्यायच्या, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा तेच. हातात दोष नव्हता. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते आणि ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेजवळ असतो. शरीर तेच शिकलेलं: मधली रेघ माझ्या अंगाशी. इथे सीट तीच पण रस्त्याची बाजू उलटी, म्हणजे ड्रायव्हर गटाराच्या कडेला आणि मधली रेघ अख्ख्या गाडीपलीकडे. अंग आपल्या ओळखीच्या जागी, रेघेपाशी, जायला बघतं आणि सगळी गाडी डावीकडे ओढून नेतं. डावीकडे बसून चालवणाऱ्या अमेरिकी ड्रायव्हरचं अंगही मधल्या रेघेशीच शिकलेलं, पण त्याला निदान सीट अनोळखी वाटते, म्हणून तो बिचकून चालवतो. वहिनींना सीट माहेरची वाटली आणि तिथेच घात होत होता.

उपाय कागदी चिकटपट्टीचा निघाला. गाडी रस्त्याच्या उजव्या कडेपासून बरोब्बर हवी तितकी लांब उभी केली, वहिनींना सीटवर बसवलं आणि त्यांच्या नजरेतून कडेची पांढरी रेघ समोरच्या काचेला जिथे छेदते तिथे खाली बोटभर पट्टी चिकटवली. पट्टी आणि पांढरी रेघ जुळली की गाडी जागेवर. मधली रेघ बघायचीच नाही. चार संध्याकाळी सराव झाला, मग फेरीला परवानगी. दोन महिन्यांनी पट्टी आपोआप निघून पडली तेव्हा त्यांना कळलंही नाही.

दिशादर्शकाने मात्र शेवटपर्यंत छळलं. त्याची कांडी डाव्या स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या सीटवरून हातभर लांब. मधल्या हॅझर्डच्या (चारही दिवे एकदम लुकलुकवणाऱ्या) बटणावर पेटीपाशी भागतं, वळताना नाही. शेवटी उजव्या चाकाजवळ एक छोटा जादा स्विच बसवून त्याची वायर मूळ जोडणीला समांतर दिली. तो वळणानंतर आपोआप बंद होत नाही, त्यामुळे वहिनी कधीकधी मैलभर डावीकडे वळत असतात. पेटीपाशी थांबून पुन्हा रस्त्यावर येताना मागून डावीकडून येणारी गाडी उजव्या सीटवरून दिसत नाही, त्यासाठी डाव्या आरशावर छोटा बहिर्वक्र आरसा चिकटवला आणि टपावर पिवळा लुकलुकणारा दिवा.

पुढचे चौदा महिने असे गेले. बर्फात उजव्या सीटचा फायदा दिसला, रस्त्याची कड आणि गटार थेट डोळ्यांखाली, त्यामुळे चाक खड्ड्यात जायचं टळायचं. फेरीचा वेळ तासाभराने कमी झाला, आणि खेड्यातल्या फेरीचा पगार ठरवलेल्या तासांवर असल्याने लवकर परतलं तरी पैसे तेवढेच. ब्रेकचे पॅड आठ महिन्यांत संपले, चारशे बारा वेळा थांबणारी गाडी आणखी काय करणार. नाताळात पार्सलांचा ढीग आला की मागची सीट, डिकी आणि रिकामं झालेलं डावं आसन भरून जायचं. मग डाव्या पेडलवर खोकं घसरू नये म्हणून मित्राने प्लायवूडची आडवी फळी करून दिली. हे आधी सुचायला हवं होतं, सुचलं ते एक खोकं घसरल्यावर, सुदैवाने गाडी उभी असताना. कंबर जवळजवळ थांबली. दुसऱ्या गणपतीला वहिनी पंगतीत बसून जेवल्या, उकडीचे मोदक वाढायलाही उठल्या.

कायम जागा मिळायची चिन्हं दिसल्यावर त्यांनी जपानहून उजव्या स्टिअरिंगची जुनी होंडा सीआर-व्ही मागवली. तिच्यात दिशादर्शकाची कांडी उजवीकडे, कऱ्हाडच्या मारुतीसारखी, त्यामुळे पहिला आठवडा घरच्या गाडीत शिरल्यावर वळायच्या ऐवजी वायपर चालू व्हायचे. आउटबॅकमधलं किट आम्ही एका सकाळी उतरवलं आणि त्यांच्याच पोस्टातल्या एका नव्या बदली कर्मचाऱ्याला निम्म्या किमतीत दिलं. तो रॉड उचलून पाहत होता, त्याला सांध्यावरचा लाल डाग दिसला, तो पुसायला त्याने अंगठा लावला. वहिनींनी त्याचा हात धरला, रॉड दारातल्या उन्हात नेला आणि त्याला ती रेघ कशी वाचायची ते दाखवायला बसल्या.